पगारपत्रक, कुलूप आणि अंड्याचा भाव : युद्धातल्या देशांत धोरणसंस्था काय करतात

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जवान कामी आले. त्यांची आठवण सांगणारा स्तंभ गावात आहे. बंदूक खाली ठेवलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य पेन्शन, सर्व्हिस रेकॉर्ड आणि सैनिक कल्याण कार्यालयातल्या कागदांवर चालते, हे अशा गावांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कागद अडले की घर अडते. अख्खा देश युद्धातून बाहेर पडत असतो तेव्हा अशी लाखो घरे एकाच वेळी अडतात, आणि त्यांतली काही माणसे पुन्हा बंदूक उचलतात. धोरणसंस्था, म्हणजे आपण ज्यांना थिंक टँक म्हणतो त्या, युद्धातल्या देशांत जे काम करतात ते बरेचसे या कागदांचेच असते.

आपल्या देशात या कामाचा पाया घातला गेला तो याच मुलखातल्या माणसाच्या कारकिर्दीत. देवराष्ट्र्यात (तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली) जन्मलेले आणि कराडचे म्हणून ओळखले गेलेले यशवंतराव चव्हाण चीनच्या युद्धानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यानंतरच्या तीन वर्षांत काय झाले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. पण 2 सप्टेंबर 1963 रोजी चव्हाणांनी संसदेत निवेदन करून चौकशी कोणकोणत्या मुद्द्यांवर झाली ते सांगितले : प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची कुवत. पुढे पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 11 नोव्हेंबर 1965 रोजी दिल्लीत संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था स्थापन झाली. पैसा सरकारचा, पण अभ्यास स्वायत्त, अशी तिची रचना. 2020 मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले.

जगात ही परंपरा त्याहून जुनी. अमेरिकेत कार्नेगी एंडोमेंट 1910 साली निघाली, लंडनचे चॅटम हाउस 1920 साली, पॅरिसच्या शांतता परिषदेतल्या ओळखींतून. स्टॉकहोमची सिप्री ही शांतता संशोधन संस्था 1966 ची. या संस्थांचे लक्ष राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धावर आणि शस्त्रांच्या मोजदादीवर होते. रवांडा आणि बोस्नियातल्या यादवीने 1990 च्या दशकात चित्र पालटले, कारण आता देश आतून फुटत होते. 1995 मध्ये इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप आली, 2000 मध्ये जिनिव्हात सैन्यावरील लोकशाही नियंत्रणासाठी डीकाफ हे केंद्र निघाले. पोलीस, सैन्य, न्यायालय, तुरुंग आणि त्यांवर देखरेख करणारी संसद यांची दुरुस्ती एकत्रच करावी लागते, हा विचार 'सुरक्षा क्षेत्र सुधारणा' या नावाने रूढ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यावर पहिला स्वतंत्र ठराव केला तो 2014 मध्ये, क्रमांक 2151.

ही दुरुस्ती न करता नुसते मोडले तर काय होते, ते इराकने दाखवले. मे 2003 मध्ये अमेरिकी प्रशासनाने एका आदेशाने तिथले सैन्य बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे पगाराविना घरी बसली, आणि त्यांतले कितीतरी जण पुढे बंडखोरांना मिळाले.

इंडोनेशियातल्या आचे प्रांतातले बंडखोर आणि सरकार यांच्यातला करार नेमका उलट्या रीतीने झाला. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या संस्थेने मध्यस्थी केली आणि 15 ऑगस्ट 2005 च्या करारात आकडेच लिहून टाकले : बंडखोरांनी 3,000 लढवय्ये मोकळे करायचे, 840 शस्त्रे द्यायची, आणि ती चार टप्प्यांत जमा होतील तसतसे सरकारने प्रांताबाहेरून आणलेले सैन्य परत जायचे. एकाने टाकलेले पाऊल दुसऱ्याला दिसले की मगच त्याचे पाऊल पडत असे. उणीव राहिली ती यादीत. प्रत्यक्षात लढवय्ये 3,000 पेक्षा जास्त होते, पुढारी नावे द्यायला तयार नव्हते, त्यामुळे मदतीचे पैसे कमांडरांच्या हातून वाटले गेले आणि वाटता वाटता तुटपुंजे झाले.

नेपाळचे उदाहरण मात्र जरा थांबून पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर 2006 च्या करारानंतर माओवादी लढवय्ये 7 मुख्य आणि 21 उपछावण्यांत राहायला आले. शस्त्रे कंटेनरमध्ये ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली माओवाद्यांच्याच हाती दिली. वरवर पाहता हा वेडेपणा वाटेल. पण कॅमेरे, धोक्याचा भोंगा आणि चोवीस तास पहारा संयुक्त राष्ट्रांचा होता. तितकीच शस्त्रे नेपाळी सैन्यानेही तशीच बंद करून ठेवली. आपण शरण गेलो, असे कुणालाच वाटू नये यासाठी ही किल्लीची योजना होती. मग पडताळणी झाली. नोंदणी 32 हजारांच्या वर, त्यांतून पात्र ठरले 19,602. अपात्र ठरलेल्या 4,008 जणांत 2,973 जण भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. त्यांना बाहेर काढायला 2010 उजाडले. सैन्यात किती जणांना घ्यायचे, यावर काठमांडूत वर्षानुवर्षे खल चालला. नोव्हेंबर 2011 मध्ये 6,500 ची मर्यादा ठरली. तोवर छावणीतली पाच वर्षे गेली होती, वय उलटले होते, लग्ने होऊन मुलेबाळे झाली होती. बहुतेकांनी 5 ते 8 लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठले. सैन्यात दीड हजारही गेले नाहीत. आमच्या मते मोजणी चोख झाली. नासवले ते दिरंगाईने.

काँगोत भारतीय शांतिसैनिक वर्षानुवर्षे तैनात आहेत. तिथल्या देशी सैन्याची गोम पगारात होती. पैसा वरून कमांडरकडे यायचा आणि तो खाली वाटायचा. पटावर नावे जास्त, बराकीत माणसे कमी. उरलेल्यांच्या हाती काही पडत नसे, मग ते गाव लुटत. 2005 पासून युरोपीय संघाच्या सल्लागार पथकाने दोन साखळ्या तोडून वेगळ्या केल्या : हुकूम एका वाटेने, पगार दुसऱ्या वाटेने. त्याआधी माणसे प्रत्यक्ष उभी करून मोजली, बोटांचे ठसे घेतले, ओळखपत्रे दिली. यात कमांडरांचे उत्पन्न बुडाले, त्यामुळे विरोधही त्यांच्याकडूनच झाला.

ही सारी कामे लढाई थांबल्यावरची किंवा थांबत आल्यावरची. युक्रेनमध्ये तोफा चालू असताना हिशेब मागितला गेला. जानेवारी 2023 मध्ये पत्रकारांनी उघड केले की कीव्हच्या दुकानात 7 रिव्नियाला (रिव्निया हे तिथले चलन) मिळणारे अंडे संरक्षण खात्याच्या कंत्राटात 17 ला आहे. खुबी अशी होती : कंत्राट एका सैनिकाच्या एका दिवसाच्या शिध्याच्या एकूण दराने दिले जायचे, आणि तुकड्या जिनसांच्या लांबलचक यादीतून मागणी करायच्या. अंडी, बटाटा, कोबी असे रोजच्या खपाचे जिन्नस महाग लावायचे आणि कुणी मागत नाही ते स्वस्त. कागदावर बेरीज बरोबर येते, सैनिकाच्या ताटात मात्र कमी पडते.

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा बोलीने, सगळ्यांसमोर निघतो. युक्रेनने सरकारी खरेदीसाठी तसाच उघड ऑनलाइन लिलाव 2016 पासून सक्तीचा केला होता. 'प्रोझोरो' नावाची ही यंत्रणा उभारण्यात तिथल्या भ्रष्टाचारविरोधी संस्थांचा मोठा हात. युद्ध पेटल्यावर गुप्ततेच्या कारणाने सैन्याची खरेदी त्यातून वगळली गेली. संस्थांनी भेद स्पष्ट करून मागितला : दारूगोळ्याचा भाव गुप्त राहू द्या, कोबीचा कशाला? उपमंत्र्याने राजीनामा दिला, बिनशस्त्र खरेदीच्या किमती प्रसिद्ध करण्याचा कायदा झाला, खात्यावर नजर ठेवायला 15 जणांची नागरी परिषद ऑनलाइन मतदानाने निवडली गेली आणि शिध्याच्या खरेदीसाठी वेगळी सरकारी कंपनी आली.

या संस्थांचा पैसा बराचसा परदेशी असतो, ही त्यांची दुखरी बाजू. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परकीय मदत 90 दिवसांसाठी गोठवली तेव्हा अनेकांची कामे एका आठवड्यात थांबली. त्याच वर्षी 22 जुलैला युक्रेनच्या संसदेने भ्रष्टाचार तपास यंत्रणांची स्वायत्तता काढून घेतली आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच दिवशी सही केली. हवाई हल्ल्यांचे भोंगे वाजत असलेल्या शहरांत लोक पुठ्ठ्यावर घोषणा लिहून रस्त्यावर आले. 31 जुलैला स्वायत्तता परत देणारा कायदा मंजूर झाला.