मागचा डावा कोपरा सकाळी खाली का बसतो?

सकाळी गाडीपाशी गेलो की मागचा डावा कोपरा बसलेला, मडगार्ड टायरला जवळपास टेकलेलं, आणि गाडी सुरू केली की मागून घूंऽऽ असा आवाज येऊन थोड्या वेळात सगळं परत सरळ. इथे इंग्लंडमध्ये आमच्या जुन्या इस्टेट गाडीचं असं महिनाभर चाललं होतं. गॅरेजवाला म्हणाला कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, गेलाय, बदलून टाका. बदलला, आणि काही महिन्यांत नवाही गेला, कारण मूळ दुखणं कॉम्प्रेसरचं नव्हतंच, गळत होता तो मागे स्प्रिंगच्या जागी बसवलेला डावीकडचा हवेचा रबरी फुगा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

इस्टेट म्हणजे लांब डिकीची गाडी. डिकीत सामान भरलं की मागची बाजू दबते, हेडलाइट वर आभाळाकडे बघायला लागतात. म्हणून बीएमडब्ल्यूची ई61 टूरिंग किंवा मर्सिडीजची एस211 अशा गाड्यांना मागे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे दिले. उंची मोजणारा सेन्सर, हवा भरणारा कॉम्प्रेसर, दोन्ही बाजूंना वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि हुकूम देणारं कंट्रोल युनिट, एवढाच संसार. आपल्याकडे व्हॉल्व्होच्या बस थांब्यावर फुस्स करतात ना, तीच जातकुळी.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सायकलची ट्यूब गळायला लागली की आतलं प्रेशर कमी होत जातं आणि गळतीही मंदावते. इथे तसं होत नाही! समजा एका फुग्यावर 400 किलो वजन आहे आणि त्याचा परिणामकारक व्यास 10 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंमी, तर आतलं प्रेशर झालं साधारण 5 बार, गाडीच्या टायरच्या दुप्पट. हवा गेली तरी वरचं वजन तेवढंच राहतं, त्यामुळे प्रेशरही जवळपास तेवढंच राहतं आणि फुगा फक्त बुटका होत जातो, गाडी आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकेपर्यंत. म्हणून डोळ्याला न दिसणारी चीरसुद्धा एका रात्रीत पूर्ण कोपरा बसवते.

थंडीचं मात्र वेगळं आहे. 20 अंशांवरून तापमान 0 वर आलं की हवेचं आकारमान साधारण 7 टक्के घटतं, हवेचा स्तंभ 15 सेंमी धरला तर एक सेंटीमीटर. दोन्ही बाजू सारख्याच तेवढ्या खाली आल्या तर घाबरू नका, ती गळती नाही.

तपासायला काय लागतं, तर एक टेप. रात्री गाडी सपाट जागी लावायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं (जमिनीपासून नको, टायरमधली हवा घोळ घालते), आणि कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून ठेवायचा म्हणजे तो गुपचूप हवा भरून आपल्याला फसवणार नाही. सकाळी परत मोजायचं. एकच बाजू बसली तर त्या बाजूचा फुगा, पाइप, जोड किंवा व्हॉल्व्ह. दोन्ही बसल्या तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक बघा, जुन्या गाडीत दोन्ही फुगेही एकदम गेलेले असू शकतात. रात्रभर काहीच हललं नाही पण चालवताना उंची चुकते, तर सेन्सरची दांडी बघा, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिचे सांधे गंजून तुटतात.

मग साबणाचं पाणी. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब बुडवतो तेच, फक्त इथे स्प्रेच्या बाटलीने मारायचं. फुग्याचं रबर खाली जिथे स्वतःवर दुमडतं तिथे नीट बघा, कारण प्रत्येक खड्ड्याला तिथेच घडी पडते. आमच्याकडे आधी काहीच दिसलं नाही, दोनेक मिनिटांनी त्या घडीत मोहरीएवढे पांढरे बुडबुडे एका ओळीत उमटले, साबुदाणा शिजताना दिसतो तसे. चीर कधीकधी ठरावीक उंचीलाच उघडते, म्हणून गाडी वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मारून बघा.

कॉम्प्रेसर का मरतो तेही याच्यातच आहे. तो थोडा वेळ चालून थांबायला बनवलेला असतो, गळती भरून काढायला सतत चालला की तापतो. शिवाय आत ओल शोषणारे दाणे असतात, ते वाळतात कधी, तर गाडी खाली घेताना कोरडी हवा उलटी त्यांच्यातून बाहेर जाते तेव्हा. पण गळक्या गाडीत हवा चिरेतूनच निघून जाते, दाणे ओलेच राहतात आणि पाणी पुढे व्हॉल्व्हपर्यंत जाऊन गंज धरतो. कॉम्प्रेसर अजिबातच वाजत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा, नवीन कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी. रिले चिकटला तर उलटं होतं, गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसर चालूच राहतो आणि जळतो.

हे करताना नुसत्या जॅकवर किंवा फुग्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, हवा कधीही जाऊ शकते, स्टँड लावाच. आणि नवा फुगा बसवला की आधी त्यात थोडी हवा भरा, मगच गाडी जॅकवरून खाली सोडा. रिकाम्या फुग्यावर वजन आलं की रबर चुकीच्या जागी चेमटतं आणि नवीकोरी चीर पडते.