कुलूप लागलेलं घर

निवडलेल्या घराला कुलूप असेल, तर शेजारचं उघडं घर घ्यायचं नाही. त्याच घरी पुन्हा जायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. नवरा-बायको दोघंही मजुरीला जातात, त्या घराला दिवसा कुलूप असतं. त्यांच्याऐवजी घरी सापडणाऱ्यांनाच प्रश्न विचारले, तर राबणारी माणसं आकड्यांतून गळतात आणि देशाच्या तब्येतीचं चित्रच बदलतं.

मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1992-93 पासून या पाहणीचं काम बघते. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 707 जिल्ह्यांतली सुमारे 6 लाख 37 हजार घरं होती. आधी गावं आणि शहरी वस्त्या निवडल्या, तिथल्या सगळ्या घरांची यादी केली आणि यादीतून ठरावीक अंतराने प्रत्येकी 22 घरं उचलली. कोणतं घर घ्यायचं हे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर राहत नाही, आणि तसंच हवं.

सवयींबद्दल विचारणं जास्त अवघड. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत 38 टक्के, तर बायकांत जवळपास 9 टक्के तंबाखूचं सेवन करतात असं या फेरीत दिसलं. मिश्री लावणारी सून सासूसमोर ‘हो’ म्हणेल का? म्हणूनच बायकांशी बाईनेच बोलायचं, शक्यतो एकांतात. तरीही बायकांचा आकडा थोडा कमीच आला असावा, असं मला वाटतं.

रक्त तरी खोटं बोलत नाही, असं आपण समजतो. पण ते कुठून आणि कसं घेतलं यावर बरंच अवलंबून असतं. या पाहणीत हिमोग्लोबिनसाठी पाचव्या फेरीपर्यंत बोटाला टोचून थेंब घेत. बोट जोरात पिळलं, तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खरं असतं त्याहून कमी दिसतं. चौथ्या फेरीत (2015-16) सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 58.6 टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याच सुमारास, 2016-18 मध्ये, दुसऱ्या एका राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 41 टक्के निघालं. वयोगट थोडे वेगळे आहेत, पण एवढी तफावत केवळ वयामुळे पडलेली नाही.

पुढे सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळली गेली; ती शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या पाहणीतून करायचं ठरलं. शिरेतलं रक्त अधिक भरवशाचं, हे मला मान्य आहे. पण 1998-99 पासून बोटाच्या रक्तावर मोजलेला सलग आलेख त्यामुळे तुटला. निदान काही जिल्ह्यांत त्याच माणसांचं रक्त दोन्ही पद्धतींनी तपासायला हवं, म्हणजे जुने आकडे नव्यांशी ताडून पाहता येतील.