डेलानो द्राक्षसंप

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डेलानो गावाच्या परिसरात फिलिपिनो आणि मेक्सिकन द्राक्षमजुरांनी ८ सप्टेंबर १९६५ ते २९ जुलै १९७० या काळात केलेला संप. संपाला जोडून देशभर झालेला द्राक्ष-बहिष्कार आणि त्यातून उभी राहिलेली ‘युनायटेड फार्म वर्कर्स’ ही संघटना यांमुळे हा लढा ओळखला जातो. लोकांच्या आठवणीत तो बहुधा मेक्सिकन मजुरांचे पुढारी सीझर चावेझ या एका नावाला चिकटलेला असतो. मात्र संपाची सुरुवात चावेझ यांनी केली नव्हती. ती साठीला टेकलेल्या फिलिपिनो मजुरांनी केली.

डेलानो हे सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण भागातले, केर्न काउंटीतले गाव. उन्हाळा कोरडा आणि कडक, शेती सगळी ओलिताची. येथील मुख्य पीक खाण्याची द्राक्षे. थॉम्सन सीडलेस हे वाण तासगाव-नाशिककडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘तास-ए-गणेश’ त्याच्यातूनच निवडलेले आहे. द्राक्षबागेची कामेही ओळखीचीच आहेत : हिवाळी छाटणी, फुटव्यांची काढणी, घडांची विरळणी, गर्डलिंग (खोडाच्या सालीचे कडे काढणे) आणि तोडणी. इतर पिकांच्या तोडणीसारखे हे काम काही आठवड्यांत उरकत नाही. वर्षातले बरेच महिने ते चालते आणि त्याला सराईत हात लागतो. त्यामुळे इतर पिकांचे मजूर गावोगाव भटकत असताना डेलानोत मजुरांची काही वस्ती टिकून राहिली. संघटना बांधायला असे गाव सोयीचे असते.

बागायतदार हेही स्थलांतरितांचेच वंशज होते. बरेचसे क्रोएशियातून, काही इटलीतून आलेल्या कुटुंबांतले. आमच्या आजोबांनी हातात कात्री धरली तशी यांनीही धरावी, असे ते म्हणत. आजोबांना कायद्याने जमीन घेण्याची, लग्न करण्याची आणि नागरिक होण्याची मुभा होती, हे त्या बोलण्यात येत नसे.

कायद्याची चौकट. कामगारांना संघटना करण्याचा आणि सामूहिक सौद्याचा हक्क देणारा अमेरिकी कायदा १९३५ चा. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतल्या शेतमालकांचे राजकीय वजन आणि तिथल्या काळ्या मजुरांना हक्क मिळू नयेत ही इच्छा, ही त्यामागची मोठी कारणे होती. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातही शेतमजुराला जागा नव्हती. १९४२ पासून ‘ब्रासेरो’ कराराखाली मेक्सिकोतून हंगामी मजूर आणले जाऊ लागले आणि योजना १९६४ अखेर बंद होईपर्यंत असे सुमारे ४६ लाख करार झाले. स्थानिक मजुरांनी संप केला की त्यांच्या जागी ब्रासेरो उभे केले जात. मजुरीचा दर, गाडीभाडे, प्यायच्या पाण्याचे पैसे, कोणाला काम आणि कोणाला नाही, हे सगळे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या हाती. आपल्या ऊसतोडीतला ‘मुकादम’ हा शब्द त्याला चपखल बसतो.

मनोंग. इलोकानो भाषेत ‘मनोंग’ म्हणजे थोरला भाऊ. १९२० आणि १९३० च्या दशकांत कॅलिफोर्नियात आलेल्या फिलिपिनो पुरुषांना पुढच्या पिढ्यांनी हे नाव दिले. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत असल्याने त्यांना येण्याची आडकाठी नव्हती. ती १९३४ च्या कायद्याने आली : वर्षाला फक्त ५० जणांना प्रवेश. आलेल्यांत बायका फारच थोड्या. गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मनाई होती आणि ती १९४८ मध्ये न्यायालयाने रद्द करेपर्यंत या माणसांची लग्नाची वये उलटून गेली होती. बहुतेक जण एकटेच म्हातारे झाले. लेबर कॅम्पातली खोली हेच घर आणि बरोबरची टोळी हेच कुटुंब. स्टॉक्टनजवळ शतावरीची तोडणी, उन्हाळ्यात अलास्कातले साल्मन मासळीचे कारखाने, मग कोचेला आणि डेलानोची द्राक्षे, अशी त्यांची वर्षाची फेरी असे. टोळी फुटू द्यायची नाही हा त्यांचा अलिखित नियम होता. तो पुढे महत्त्वाचा ठरतो.

लॅरी इटलियाँग हे त्यांचे पुढारी. जन्म १९१३, फिलिपाइन्सच्या पांगासिनान प्रांतातला. १९२९ मध्ये अमेरिकेत आले. कामावरच्या अपघातात त्यांची तीन बोटे गेली आणि ‘सात बोटांचा’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. तोंडात चिरूट, पत्त्यांत पटाईत आणि संपाचा तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव. ‘अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स ऑर्गनायझिंग कमिटी’ या संघटनेचे ते काम करत. फिलिप व्हेरा क्रूझ आणि पीट वेलास्को हे त्यांचे सहकारी.

संपाची सुरुवात. १९६५ च्या वसंतात कोचेला खोऱ्यात फिलिपिनो टोळ्यांनी काम थांबवून ताशी १ डॉलर ४० सेंट हा दर मिळवला. हंगाम सरकत उत्तरेला डेलानोत आला तेव्हा बागायतदारांनी त्याहून कमी दर पुढे केला. ७ सप्टेंबरला फिलिपिनो कम्युनिटी हॉलमध्ये सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी मजूर बागेत गेलेच नाहीत. मागणी ताशी १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट. मालकांनी कॅम्पांची वीज, गॅस आणि पाणी तोडले. ज्यांनी त्याच खोल्यांत पंचवीस-तीस वर्षे काढली होती त्यांचे सामान बाहेर आले.

आता मालक काय करणार, हे इटलियाँग यांना चांगले ठाऊक होते, कारण तोवर दरवेळी तेच झाले होते. फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकनांना आणायचे आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनोंना. कॅम्प वेगळे, टोळ्या वेगळ्या, भाषा वेगळ्या. ही फाळणी मालकांना संपफोड्यांची फुकट फौज पुरवत होती. म्हणून इटलियाँग चावेझ यांच्याकडे गेले.

चावेझ, डोलोरेस वेर्ता आणि गिल्बर्ट पादिया यांनी १९६२ मध्ये ‘नॅशनल फार्म वर्कर्स असोसिएशन’ स्थापन केली होती. ‘युनियन’ हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला होता. महिना साडेतीन डॉलर वर्गणी, त्या बदल्यात अंत्यविधीचा विमा आणि पतपेढी, आणि प्रचार घराघरांतल्या छोट्या बैठकांतून. संपाला अजून दोन-तीन वर्षांचा अवकाश आहे असे चावेझ यांचे मत होते. पण फिलिपिनोंच्या जागी आपले सभासद कामावर गेले तर संघटनेला अर्थ उरत नव्हता. १६ सप्टेंबर, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. डेलानोच्या ग्वादालुपे चर्चच्या सभागृहात मेक्सिकन मजुरांनी संपात उतरायचा ठराव केला. या सगळ्या लढ्यातला सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचारले तर प्रस्तुत लेखक १९७० च्या कराराकडे बोट न दाखवता त्या संध्याकाळच्या ठरावाकडे दाखवील. एकमेकांच्या जागी कामाला जायचे नाही, एवढेच त्यात ठरले होते.

संपाचे दिवस. कारखान्याला दरवाजा असतो, त्याच्यापुढे उभे राहता येते. बागांना दरवाजा नसतो. मैलोगणती पसरलेल्या वेलींच्या कडेने संपकरी पहाटेपासून गाड्या घेऊन फिरत आणि कुठे टोळी दिसली की रस्त्यावरून ‘उएल्गा!’ अशी हाळी देत. उएल्गा म्हणजे संप. शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, हा शब्द ओरडण्यालाच बंदी केली. ऑक्टोबर १९६५ मध्ये ४४ जणांनी तो मुद्दाम ओरडून अटक करून घेतली. त्याच दिवशी चावेझ बर्कलीच्या विद्यापीठात बोलत होते. अटकेची बातमी सांगून त्यांनी विद्यार्थ्यांकडे दुपारच्या जेवणाचे पैसे मागितले आणि ते मिळाले.

फिलिपिनो हॉलचे स्वयंपाकघर हे संपाचे केंद्र बनले. म्हाताऱ्या मनोंगांनी रांधायचे आणि मेक्सिकन बायका-मुलांसह सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचे. सभा संपताना हळू सुरू होऊन वाढत जाणाऱ्या टाळ्या आणि शेवटी ‘इसांग बागसाक’ म्हणत सगळ्यांची मिळून एकच टाळी, ही फिलिपिनोंची रीत मेक्सिकनांनीही उचलली. ट्रकच्या उघड्या फळीवर लुइस व्हाल्देझ यांच्या ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’ या मंडळीची छोटी नाटके होत. नट संपकरीच, आणि कोण मालक, कोण मुकादम, कोण संपफोड्या ते गळ्यात अडकवलेल्या पाट्यांवरून कळे. आपल्याकडच्या पथनाट्याचा हा चुलतभाऊच.

मार्च १९६६ मध्ये सेनेटच्या उपसमितीने डेलानोत सुनावणी घेतली. संपकऱ्यांनी काही करण्याआधीच त्यांना अटक का केली याचे शेरीफने दिलेले उत्तर ऐकून सेनेटर रॉबर्ट केनेडी यांनी शेरीफलाच जेवणाच्या सुट्टीत अमेरिकेची राज्यघटना वाचून यायला सांगितले. त्यानंतर लगेच डेलानो ते सॅक्रामेंटो पदयात्रा निघाली. सुमारे ५०० किलोमीटर अंतर, २५ दिवस, पोहोचायचा दिवस ईस्टरचा. पुढे ग्वादालुपेच्या मेरीमातेचे निशाण आणि काळ्या गरुडाचे लाल झेंडे, मुक्कामाला गावोगावची जेवणे. वारीत चाललेल्याला यातले बरेच काही कळेल. संघटनेतल्या काहींना मात्र हे देवीचे निशाण रुचले नव्हते. यात्रा वाटेत असतानाच शेन्ली या मद्य कंपनीने आपल्या बागांपुरती संघटनेला मान्यता दिली. ऑगस्टमध्ये इटलियाँग आणि चावेझ यांच्या दोन्ही संघटना एक झाल्या. हीच पुढची ‘युनायटेड फार्म वर्कर्स’. चावेझ संचालक, इटलियाँग त्यांच्या हाताखाली. सभासदसंख्येकडे पाहता हे होणारच होते. तरी संप पुकारणारे दुय्यम झाले ते इथून.

बहिष्कार. शेन्लीचे नाव बाटलीवर होते, म्हणून ती नमली. खाण्याच्या द्राक्षांवर कोणाचे नाव असते? सर्वांत मोठ्या जुमारा कंपनीवर १९६७ मध्ये बहिष्कार पुकारला तेव्हा तिची द्राक्षे इतर बागायतदारांच्या लेबलांखाली विकली जाऊ लागली. तेव्हा १९६८ च्या सुरुवातीला संघटनेने कॅलिफोर्नियाच्या सगळ्याच खाण्याच्या द्राक्षांवर बहिष्कार जाहीर केला.

इथे कायद्याची एक गंमत आहे. ज्या मालकाशी भांडण नाही अशा दुकानदारावर बहिष्कार टाकायला युनियनांना १९४७ च्या दुरुस्तीने बंदी होती. पण शेतमजूर मुळातच कायद्याबाहेर, त्यामुळे ही बंदीही त्यांना लागू नव्हती. ज्या वगळण्याने तीस वर्षे नाडले होते त्यानेच आता सुपरमार्केटच्या दारात उभे राहण्याची मोकळीक दिली.

संपकऱ्यांची एक तुकडी जुन्या स्कूलबसमधून भर हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली. शिकागो, बॉस्टन, टोरांटो अशा शहरांत कुटुंबेच्या कुटुंबे राहायला पाठवली गेली. आठवड्याला पाच डॉलर हातखर्च, राहणे कोणा चर्चमध्ये किंवा सहानुभूतीदाराच्या घरी. इंग्रजी जेमतेम येणारा मजूर दुकानापुढे उभा राहून गिऱ्हाइकाला सांगे की ही द्राक्षे मी तोडत होतो, घेऊ नका. वेर्ता यांनी न्यूयॉर्कची आघाडी सांभाळली. विरोधही तितकाच वरून होता : निक्सन यांनी १९६८ च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात लोकांसमोर द्राक्षे खाऊन दाखवली आणि संरक्षण खात्याने व्हिएतनाममधल्या सैन्यासाठी द्राक्षांची खरेदी वाढवली.

फेब्रुवारी १९६८ मध्ये संपकऱ्यांत मारामारीची भाषा सुरू झाल्यावर चावेझ यांनी २५ दिवसांचे उपोषण केले. गांधीजींचा प्रभाव ते उघड सांगत. हे उपोषण मालकांविरुद्ध नव्हते, आपल्याच माणसांना आवरण्यासाठी होते, आणि तेही गांधींच्याच वळणाचे.

१९७० च्या वसंतात कोचेलाच्या काही बागायतदारांनी करार केले आणि संघटनेच्या गरुडाचा शिक्का असलेल्या पेट्या बाजारात खपू लागल्या. बाकीच्यांना मग हिशेब कळला. २९ जुलैला डेलानोचे बागायतदार संघटनेच्या ‘फोर्टी एकर्स’ या जागेवर येऊन सह्या करून गेले : ताशी १ डॉलर ८० सेंट, पेटीमागे २० सेंट, आरोग्यनिधी, कीटकनाशकांवर निर्बंध आणि मजूरभरती संघटनेच्या ‘हायरिंग हॉल’मधून.

करारानंतर. हायरिंग हॉलने मुकादम घालवला, हे मोठेच काम. पण संघटनेतल्या ज्येष्ठतेनुसार नावे पुकारून माणसे वेगवेगळ्या बागांत पाठवली जाऊ लागली तेव्हा मनोंगांच्या वर्षानुवर्षांच्या टोळ्या फुटल्या. संपाची पहिली झळ सोसलेल्यांनाच कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे लागले. इटलियाँग यांनी १९७१ मध्ये राजीनामा दिला. संघटनेचे निर्णय चावेझ यांच्याभोवतीच्या शिकलेल्या सल्लागारांच्या हाती गेल्याचा त्यांचा राग होता. व्हेरा क्रूझ यांनी १९७७ मध्ये संघटना सोडली. त्या वर्षी चावेझ हुकूमशहा मार्कोस यांचे पाहुणे म्हणून फिलिपाइन्सला जाऊन आले होते.

१९७३ मध्ये करार संपताच बहुतेक बागायतदारांनी टीमस्टर्स या प्रतिस्पर्धी युनियनशी परस्पर करार केले. त्या उन्हाळ्यातल्या संपात हजारो अटका झाल्या आणि ऑगस्टमध्ये एकापाठोपाठ दोन संपकरी मारले गेले. नागी दैफल्ला हा चोविशीतला येमेनी तरुण आणि साठीचे हुआन दे ला क्रूझ. येमेनी मजूर डेलानोच्या बागांत बरेच होते, हे या लढ्याच्या चित्रांत क्वचित दिसते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना गुप्त मतदानाने संघटना निवडण्याचा हक्क देणारा कायदा केला. राष्ट्रीय कायद्यातली जुनी पोकळी मात्र तशीच आहे.

सर्वांत टोचणारा भाग कागदपत्रे नसलेल्या मजुरांचा. मालक त्यांना संप फोडायला आणत हे खरे. पण त्यावर १९७४ मध्ये संघटनेने अशा मजुरांची नावे सरकारला कळवण्याची मोहीम काढली आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर त्यांना अडवायला आपली माणसे उभी केली. १९६५ च्या सप्टेंबरात इटलियाँग यांनी चावेझ यांचे दार वाजवले होते. इथे कोणी कोणाचे दार वाजवले नाही.

कॅलिफोर्नियात २०१५ पासून २५ ऑक्टोबर हा लॅरी इटलियाँग दिन म्हणून पाळला जातो. फोर्टी एकर्सला २००८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथेच १९७४ मध्ये स्वयंसेवकांनी बांधून पुरी केलेली ‘आगबायानी व्हिलेज’ ही बैठी वास्तू आहे. कॅम्प सुटलेल्या, मागे कोणी नसलेल्या मनोंगांनी म्हातारपणी एकत्र राहावे म्हणून ती बांधली. नाव पाउलो आगबायानी या मजुराचे, जे १९६७ मध्ये संपाच्या पहाऱ्यावर असताना वारले.