प्लेयर नवा, पेनड्राइव्ह जुना : डीजे प्लेयरच्या पिढ्यांची पार्श्वभूमी

आषाढ-श्रावणात सुपाऱ्या कमी असतात. सांगली-साताऱ्याकडच्या डॉल्बीवाल्यांना सामानाची अदलाबदल करायला हेच दिवस सोयीचे. बेस-टॉप बदलायचे तर आवाज ऐकला, पटला, घेतला, इतके ते सोपे. प्लेयरचे तसे नाही. पायोनियरच्या सीडीजे-२००० नेक्सस या प्लेयरची जोडी विकून नवी सीडीजे-३००० आणली, मिक्सरला लावली, नेहमीचा पेनड्राइव्ह खोचला. गाणी वाजतात, पण बेस, मधला आणि वरचा आवाज तीन रंगांत दाखवणारे गाण्याचे नवे लहरचित्र पडद्यावर येतच नाही. उलटा प्रकार जास्त महागात पडतो. नव्या यंत्रासाठी घरी भरलेला पेनड्राइव्ह घेऊन ऑपरेटर कराडला भाड्याच्या जुन्या जोडीवर उभा राहतो. काही गाणी उघडत नाहीत, जी उघडतात त्यांचा चौथा आणि त्यापुढचे हॉट क्यू (बटण दाबताच गाण्यातल्या ठरावीक जागी नेणाऱ्या खुणा) दिसत नाहीत. अशा वेळी यंत्राला दोष देऊन उपयोग नसतो, कारण ते बिघडलेले नसते. गाणे एक आणि गाण्याची आठवण दुसरी : क्यू कुठे, ठेका कुठून, वेग किती. ही आठवण प्रत्येक पिढीने वेगळ्या जागी ठेवली. अदलाबदलीत अडते ते त्या जागेवर.

तबकडीच्या काळात ही आठवण हातात होती. टेक्निक्सचा एसएल-१२०० १९७२ साली आला आणि १९७९ च्या एमके२ ने वेगाची सरकपट्टी ±८ टक्क्यांची करून जगभरच्या डीजेंना एक ठरलेले यंत्र दिले. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर तबकड्या वाजल्या, पण दोन टर्नटेबल जोडून मिसळायची कला इथल्या मिरवणुकीत रुजली नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सुई टिकत नाही. खड्डा लागला की ती उडते आणि शेजारी बेस असेल तर त्याची थरथर सुईतून परत स्पीकरमध्ये जाऊन घुमू लागते. त्यामुळे आपण कॅसेटवरून थेट सीडीवर आलो. मधला टप्पा वगळला गेला, तरी त्याची रचना मात्र आपल्या हाताखाली आहे : प्लेयरवरची मोठी गोल जॉग थाळी आणि उजवीकडची टेम्पोपट्टी या दोन्ही त्या टर्नटेबलच्याच.

पायोनियरचा सीडीजे-५०० हा १९९४ चा. सीडी वरून टाकायची, जॉगने ढकलायचे, आणि वेग बदलला तरी सूर न बदलणारा मास्टर टेम्पो. खरा पालट २००१ च्या सीडीजे-१००० ने केला. त्याची थाळी तबकडीसारखी हाताने धरता, फिरवता येत होती आणि वेगाची मर्यादा ६, १०, १६ किंवा १०० टक्के अशी निवडता येत होती. या यंत्राची एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आहे : लावलेले क्यू ते एका छोट्या एमएमसी कार्डावर लिहून ठेवायचे. म्हणजे गाणे सीडीवर, आठवण कार्डावर. तीच सीडी दुसऱ्या यंत्रात घातली आणि कार्ड पहिल्यातच राहिले, तर क्यू नाहीत. आजच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

२००६ च्या एमके३ ने एमपी३ भरलेली सीडी वाचायला सुरुवात केली. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे ७०० एमबीच्या एका चकतीवर अकरा-बारा तासांचा माल. पाकिटांची पेटी हलकी झाली, पण त्याच सोयीने १२८ ची सवयही लावली. मोठ्या सिस्टीमवर अशा गाण्याची झांज कशी किरकिरते ते कानाला लगेच कळते. ते गाणे नंतर ३२० मध्ये बदलून काही परत येत नाही, फक्त फाइल फुगते. त्या काळातल्या मूळ सीडी ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी त्या जपाव्यात आणि थेट एआयएफएफमध्ये (आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत) काढून घ्याव्यात.

सीडीचा दुसरा शत्रू गुलाल. लेझर वाचतो ती काच मसुराच्या दाण्याएवढी. गुलाल किंवा भंडारा चकतीबरोबर आत गेला की तिच्यावर पातळ थर बसतो, आधी चकती उशिरा उघडते, मग गाणे मधेच अडखळते, मग चकती बाहेर ढकलली जाते. चकतीचे खाच बंद झाल्याने नव्या यंत्राचा हा त्रास गेला. फेडर आणि बटणांचा नाही गेला. वाजत नसताना प्लेयरवर सुती कापड टाकणे आजही तितकेच गरजेचे.

आता २००९. सीडीजे-२००० आणि त्याच्याबरोबर रेकॉर्डबॉक्स हा संगणकावरचा प्रोग्रॅम. गाणी पेनड्राइव्हवर आली एवढेच बहुतेकांना आठवते, पण मोठी गोष्ट वेगळी होती : आठवणही गाण्याबरोबर पेनड्राइव्हवर आली. रेकॉर्डबॉक्समधून भरलेला पेनड्राइव्ह संगणकावर उघडून पाहा. दोन फोल्डर दिसतील. ‘कंटेंट्स’मध्ये गाणी. ‘पायोनियर’मध्ये आठवण : त्यातल्या ‘रेकॉर्डबॉक्स’ फोल्डरात ‘एक्सपोर्ट.पीडीबी’ नावाची फाइल, म्हणजे सगळ्या याद्यांची वही. आणि प्रत्येक गाण्यामागे विश्लेषणाच्या फाइली. ‘डॅट’ शेपटीची फाइल सर्वांत जुनी, ठेक्याची जाळी (प्रत्येक ठोका कुठे पडतो त्याच्या खुणा) आणि साधे लहरचित्र तिच्यात. नंतरच्या नेक्सस यंत्रांच्या रंगीत चित्रासाठी ‘ईएक्सटी’. सीडीजे-३००० च्या तीन रंगांच्या चित्रासाठी ‘टूईएक्स’. जुना पेनड्राइव्ह नव्या यंत्रात अपुरा का वाटतो त्याचे उत्तर या तिसऱ्या शेपटीत आहे. जुन्या रेकॉर्डबॉक्सने ती फाइल कधी लिहिलीच नव्हती.

पेनड्राइव्हवर गाणी नुसती कॉपी करून टाकणारेही पुष्कळ आहेत. ती वाजतात, पण वही नसल्याने प्लेयर फोल्डर चाळत बसतो आणि प्रत्येक गाणे उघडल्यावर त्याचा ठेका नव्याने मोजतो. वरातीत तेवढी सवड नसते.

पुढची वर्षे भराभर सांगता येतात. २०१२ चा नेक्सस : सिंक (दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणे), क्वांटाइझ (क्यू ठेक्यावर बसवणे), स्लिप (हात लावला तरी गाणे आतून पुढे चालू ठेवणे), पण हॉट क्यूची बटणे ए, बी, सी ही तीनच. २०१६ चा नेक्सस २ : सात इंची स्पर्शपडदा, आठ हॉट क्यू, एफएलएसी आणि एएलएसी (आवाज न घटवता लहान केलेल्या) फाइली, ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगपर्यंतचा माल. २०२० चा सीडीजे-३००० : सीडीचे खाच कायमचे बंद, नऊ इंची पडदा, आठही हॉट क्यूंची स्वतंत्र बटणे पडद्याखाली ओळीने. २०२५ चा सीडीजे-३०००एक्स : १०.१ इंची पडदा आणि अंगभूत वाय-फाय. खोक्यावरच्या नावाने गोंधळू नका; पायोनियरचा डीजे विभाग २०१५ मध्ये वेगळा झाला आणि २०२० पासून कंपनीचे नाव अल्फाथीटा आहे.

या ओळीवरून कराडच्या त्या ऑपरेटरचे काय झाले ते सहज कळते. त्याने डी, ई, एफ क्यू लावले होते, नेक्ससला सीच्या पुढे बटण नाही. त्याच्याकडे एफएलएसी होत्या, नेक्ससला ती भाषा येत नाही. काही डब्ल्यूएव्ही फाइलींवर ‘ई-८३०५’ असा संदेश आला असेल. तो येतो तेव्हा फाइल खराब आहे असे समजून ती पुसू नका. एक तर ती ९६ किलोहर्ट्झची असते (नेक्सस ४८ पर्यंतच वाचतो), किंवा काही सॉफ्टवेअर डब्ल्यूएव्हीच्या डोक्यावर ‘एक्स्टेन्सिबल’ प्रकारची नोंद लिहितात, ती जुन्या प्लेयरना कळत नाही. दोन्हींवर एकच उपाय, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची एआयएफएफ करून घेणे. गाण्याचे नाव, कलाकार, चित्र हे सगळे तिच्यात टिकते. भाड्याच्या यंत्रांवर वाजवायचे असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : एआयएफएफ किंवा ३२० ची एमपी३, यापलीकडे जाऊ नये, आणि कामाचे पहिले तीन क्यू ए-बी-सीवरच ठेवावेत.

पिढी बदलताना पेनड्राइव्ह भरायचा तो असा. जुना पुसायचा नाही. त्यावर चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. नवे दोन घ्यायचे, एक वाजवायला, एक खिशात. ३२ जीबी पुरतो : ३२० च्या एमपी३ला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागते, पाच मिनिटांचे गाणे १२ एमबीचे, म्हणजे अडीच हजार गाणी बसतात. स्वस्तात मिळालेल्या मोठ्या पेनड्राइव्हवर आधी संशय घ्यावा. लिहिलेल्या जागेपेक्षा आतली चिप लहान असते आणि मर्यादा संपल्यावर फाइली निमूटपणे खराब होतात. पूर्ण भरून, परत वाचून पाहणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत, ती चालवावीत. फॉरमॅट एफएटी३२, आणि विभागणी एमबीआर पद्धतीची. मॅकवर फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह जीपीटी पद्धतीचा होऊन बसतो आणि प्लेयरला तो दिसतच नाही, ही चूक वारंवार होते.

मग विश्लेषण. इथे घाई नडते. सगळी गाणी निवडून सरसकट नव्याने विश्लेषण केले की हाताने दुरुस्त केलेल्या जाळ्या पुसल्या जातात. आपल्या मालात अशी गाणी फार : जुनी लोकगीते, हलगीचे तुकडे, बँडने थेट वाजवलेली लग्नगीते. त्यांचा वेग गाण्यात वाढत जातो, कारण वाजवणारा माणूस होता, मोजून टकटक देणारा क्लिक नव्हता. सॉफ्टवेअर सुरुवातीचा वेग धरून सरळ जाळी टाकते आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ती ठेक्यावरून घसरते. मग सिंक दाबले की दोन गाणी एकमेकांवर धावून जातात. काही वेळा ७० ला १४० मोजले जाते. म्हणून विश्लेषणाच्या खिडकीत बीपीएम-ग्रिडची खूण काढायची, बाकीच्या ठेवायच्या, आणि आधी दहा गाण्यांवर करून पाहायचे. वेग बदलणाऱ्या नव्या गाण्यांना ‘डायनॅमिक’ हा पर्याय लावायचा. एवढे करूनही हलगीच्या गाण्यावर सिंकचा भरवसा धरू नये, हातानेच मिळवावे.

भरून झाल्यावर पेनड्राइव्ह रेकॉर्डबॉक्समधूनच बाहेर काढायचा. नुसता ओढला तर वही अर्धवट लिहिली जाते आणि याद्या रिकाम्या दिसतात. ओपस-क्वाडसारख्या काही नव्या एकत्रित यंत्रांना ‘डिव्हाइस लायब्ररी प्लस’ ही वेगळी वही लागते. ती जुन्या वहीशेजारीच राहते. जुन्या पेनड्राइव्हवर ती नसेल तर रेकॉर्डबॉक्समध्ये रूपांतराची आज्ञा देऊन तयार करावी.

दोन प्लेयर एका पेनड्राइव्हवर चालवणारी लॅन (नेटवर्कच्या वायरची) जोडणीही २००९ चीच. दोन असतील तर सरळ एक वायर, जास्त असतील तर मधे स्विच. प्रत्येकाचा क्रमांक वेगळा हवा. जुने आणि नवे मिसळले तर चारपर्यंतच. सहा जोडायचे तर सगळे सीडीजे-३००० लागतात. एकाच मॉडेलच्या सगळ्या यंत्रांचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) एकाच आवृत्तीचे ठेवावे आणि ते चढवताना वीज जाणार नाही याची खात्री करावी. क्लाउडवरून गाणी वाजवायची सोय नव्या यंत्रात आहे. मिरजेच्या विसर्जनाच्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तिच्यावर सुपारी घेऊ नये.

जोडताना आरसीए वायर (लाल-पांढऱ्या टोकांची) मिक्सरच्या ‘लाइन’ खोबणीवर. फोनोवर लावली तर आवाज फाटतो, कारण ती वाट सुईच्या क्षीण आवाजासाठी वाढ देणारी आहे. जनरेटर असेल तर दोन प्लेयर आणि मिक्सर यांना छोटा यूपीएस द्यावाच. तिन्हींची मिळून गरज दीडशे वॅटच्या आसपास, ६०० व्हीएचा यूपीएस जनरेटर बदलेपर्यंत तग धरतो. हे नसेल तर वीज क्षणभर तुटते, प्लेयर बंद होऊन परत चालू होतो, पेनड्राइव्ह पुन्हा वाचतो. रात्री दहाची मर्यादा, सवलतीच्या दिवशी बाराची, जवळ आलेली असताना गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. फ्लाइट केसही मोजून घ्या : सीडीजे-३००० ची खोली ४५३ मिलिमीटर आहे, जुन्या नेक्ससच्या पेटीत तो बसत नाही.

जुनी जोडी विकत घेणाऱ्यांसाठी कृष्णाकाठची एक खास तपासणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. बाहेरून धुऊन-पुसून यंत्र नव्यासारखे दिसते. खालचे स्क्रू गंजलेले आहेत का, आरसीएच्या खोबणीत हिरवट थर आहे का, जॉग फिरवताना बारीक वाळूसारखी करकर येते का, ते पाहा. मग स्वतःचा पेनड्राइव्ह लावून निदान अर्धा तास दोन्ही प्लेयर चालू ठेवा. ओल खाल्लेला पॉवर सप्लाय थंड असताना ठीक चालतो, तापल्यावर बंद पडतो.