सरासरी वेग (दिशा बदलणाऱ्या एकरेषीय गतीतील)

सरळ रेषेत जाणाऱ्या वस्तूच्या विस्थापनाला लागलेल्या एकूण काळाने भागले असता येणारी सदिश (परिमाण व दिशा दोन्ही असलेली) राशी. विस्थापन म्हणजे अंतिम व आरंभीच्या स्थानांमधील चिन्हासह घेतलेला फरक. प्रत्यक्ष कापलेल्या अंतराला काळाने भागल्यास सरासरी चाल मिळते. वस्तू वाटेत उलट फिरली की सरासरी चाल ही सरासरी वेगाच्या परिमाणापेक्षा नेहमीच जास्त भरते.

रेषेवरील एक दिशा धन व उलट दिशा ऋण धरण्याच्या रीतीचा उगम सामान्यतः इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांच्या बीजगणितावरील ग्रंथाशी (१६८५) जोडला जातो. ५ यार्ड पुढे जाऊन ८ यार्ड मागे आलेला माणूस निघाल्या जागेपासून −३ यार्डांवर असतो, असे त्यात दाखवले आहे. तथापि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) भुजा १० व १७ आणि भूमी (पाया) ९ असलेल्या त्रिकोणाची एक आबाधा, म्हणजे लंबामुळे भूमीवर पडणारा खंड, ऋण ६ येते; हे ऋणत्व उलट दिशेचे, असा खुलासाही तेथेच आहे. त्यामुळे ऋणचिन्हाचा दिशावाचक अर्थ वॉलिस यांच्या बराच आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात लीलावतीतील प्रश्न क्षेत्रगणिताचा आहे, गतीचा नव्हे.

गणनेत हमखास होणारी चूक म्हणजे टप्प्यांच्या वेगांचीच सरासरी काढणे. ब्राझीलचे जलतरणपटू सेझार सिएलो यांनी २००९ मध्ये रोम येथे १०० मी. फ्रीस्टाइल ४६.९१ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. ५० मी. लांबीच्या तलावात जाताना त्यांना २२.१७ से. व परतताना २४.७४ से. लागले. टप्प्यांचे वेग अनुक्रमे सु. +२.२६ व −२.०२ मी./से. होत. त्यांची सरासरी +०.१२ येते व ती चुकीची आहे, कारण दोन्ही टप्प्यांचा काळ सारखा नाही. पोहणारा सुरुवातीच्या भिंतीशीच परतल्याने विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. सरासरी चाल मात्र सु. २.१३ मी./से.

त्वरण (वेग बदलण्याचा दर) एकसमान असेल, तर सरासरी वेगासाठी आरंभीच्या व अंतिम वेगांच्या बेरजेची निमपट चालते. हा नियम ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी सु. १३३५ मध्ये मांडला. चिन्हे पाळली तर तो दिशाबदलानंतरही टिकतो. उतारावर वरच्या दिशेने ६ मी./से. वेगाने सोडलेल्या चेंडूचे त्वरण −२ मी./से.² असल्यास तो ३ सेकंदांत ९ मी. चढून थांबतो व चौथ्या सेकंदात १ मी. खाली येतो. विस्थापन ८ मी. व सरासरी वेग २ मी./से.; +६ आणि −२ यांची निमपट बेरीजही तेवढीच. सरासरी चाल २.५ मी./से.

स्थान-काल आलेखावर सरासरी वेग हा दोन टोके जोडणाऱ्या जीवेचा चढ असतो. वेग-काल आलेखात अक्षाखालील क्षेत्रफळ वजा केल्यास विस्थापन, मिळवल्यास अंतर मिळते.