पायपिंग (सर्व्हे सॉफ्टवेअर)

पायपिंग म्हणजे सर्व्हेत आधी मिळालेलं उत्तर पुढच्या प्रश्नाच्या वाक्यात आपोआप बसवणं. शेतकऱ्याने खरिपातलं मुख्य पीक सोयाबीन सांगितलं की पुढे "सोयाबीनवर किती वेळा फवारणी केली?" असाच प्रश्न स्क्रीनवर येतो, "तुमच्या मुख्य पिकावर" असं मोघम विचारावं लागत नाही. घरातल्या सहा माणसांची माहिती एकामागून एक घेताना तर हे नसेल तर आत्ता कोणाबद्दल बोलणं चाललंय हेच कळेनासं होतं.

प्रश्न लिहिताना जिथे उत्तर बसवायचं त्या जागी आधीच्या प्रश्नाचं नाव एका ठरलेल्या खुणेत टाकायचं, आणि ही खूण प्रत्येक सर्व्हे सॉफ्टवेअरची वेगळी असते. ओडीके आणि कोबो टूलबॉक्समध्ये डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2004 साली सुरू झालेल्या रेडकॅपमध्ये चौकोनी कंस, लाइमसर्व्हेत नुसते महिरपी कंस. क्वालट्रिक्समध्ये दोन्ही प्रश्न एकाच पानावर असून चालत नाही, मध्ये पेज ब्रेक लागतो. कोबोत नवखे लोक हमखास अडकतात ते कोडपाशी, कारण पर्यायवाल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पर्यायाचा कोड साठवलेला असतो, त्यामुळे लेबल (म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नाव) मागवणारं फंक्शन वापरलं नाही तर वाक्यात मराठी नावाऐवजी तो कोडच येऊन बसतो.

मराठीत खरी अडचण विभक्तीची आहे आणि फॉर्म बनवणाऱ्यांनी तिच्याकडे फार म्हणजे फार लक्ष द्यायला हवं. सोयाबीनला "वर" चिकटवलं तर बरोबर दिसतं, म्हणून टेस्टिंगमध्ये फॉर्म पास होतो, आणि गावात गेल्यावर "कापूसवर", "तूरवर" वाचायची वेळ येते, जे तोंडाने "कापसावर", "तुरीवर" असंच यायला हवं. सोपा उपाय म्हणजे "कापूस या पिकावर", "पुणे या जिल्ह्यात" अशी रचना करायची. जास्त चांगला उपाय म्हणजे पर्यायांच्या शीटमध्ये आणखी एक कॉलम करून तिथे "कापसा", "तुरी" ही रूपं भरायची आणि प्रश्नात ती मागवायची, मेहनत आहे पण प्रश्न माणसाने विचारल्यासारखा वाटतो. लिंगाचंही तसंच, "सुनीता शाळेत जातो का" टाळायला आधीच्या उत्तरावर इफ (म्हणजे अट) लावून जातो किंवा जाते निवडावं लागतं. सगळीकडे "यांनी" लावलं की काम भागतं खरं, पण सहा वर्षांच्या पोरीबद्दल तिच्या आईला तसं विचारणं अवघड वाटतं.

त्याच लोकांचा सर्व्हे पुन्हा पुन्हा होत असेल तर मागच्या फेरीतली उत्तरंसुद्धा अशी आणता येतात. अमेरिकेच्या दरमहा होणाऱ्या रोजगार सर्व्हेत 1994 पासून मागच्या महिन्यातली नोकरी वाचून दाखवून अजून तिथेच आहात का असं विचारतात. त्याआधी तेच काम लोक दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगायचे आणि आकड्यांत धंदा बदलल्यासारखा दिसायचा, तो खोटा बदल बराच कमी झाला. पण जुनं उत्तर समोर ठेवलं की माणूस नुसतं "हो" म्हणून मोकळा होतो, हा धोकाही आहेच. आणि आजार किंवा कर्जाबद्दलचं उत्तर घरच्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार असेल तर तिथे पायपिंग करूच नये.

उत्तर रिकामं राहिलं तर वाक्यात भोक पडतं, म्हणून आधीचा प्रश्न सक्तीचा तरी ठेवतात नाहीतर "तुमचं पीक" असा पर्यायी मजकूर देतात. "माहीत नाही" हा पर्याय असेल तर त्याला स्किप लावतात, म्हणजे पुढचा प्रश्न वगळतात, नाहीतर "माहीत नाही या पिकावर किती फवारण्या" असं छापून येतं. मागे जाऊन पीक बदललं तर पुढच्या प्रश्नातलं नाव बदलतं पण आधी भरलेला फवारणीचा आकडा सहसा तसाच राहतो, तो पुन्हा विचारून घ्यावा लागतो.