३३ बिटांत मावणारा माणूस

जगातल्या ८ अब्ज माणसांतून एकच माणूस हुडकायचा आहे, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असं मिळणार आहे. किती प्रश्न लागतील? नीट निवडले तर ३३. प्रत्येक उत्तर गर्दी निम्मी करतं, आणि २ चा ३३ वा घात भरतो ८.५९ अब्ज. अशा एका उत्तराला माहितीशास्त्रात १ बिट म्हणतात. म्हणजे या पृथ्वीवर तुमची ओळख ३३ बिटांची आहे. त्यात नावाला खास मान नाही. बिट गोळा करायच्या अनेक वाटांपैकी ती एक.

'आम्ही तुमचं नाव कुणालाही देत नाही' हे कंपन्यांचं लाडकं वाक्य. ते पुष्कळदा खरंही असतं. फक्त त्याने काही सिद्ध होत नाही.

साधा हिशेब करू. लिंग कळलं की १ बिट हाती आला. जन्माचा दिवस आणि महिना कळला की ३६५ शक्यतांतली एक उरते, म्हणजे साडेआठ बिट. जन्मसालाचे साधारण ६ धरा. बेरीज साडेपंधरा, म्हणजे सुमारे ४६ हजार वेगवेगळे खण. आता १० हजार वस्तीच्या भागातली माणसं या खणांत टाकली, तर दर ५ पैकी ४ जण आपापल्या खणात एकटेच सापडतील. नाव न विचारता.

हे कागदावरचं गणित नाही. १९९७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी नावं-पत्ते काढून संशोधकांना दिल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच ठेवले होते. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेचे शहरात ६ मतदार होते, त्यांतले पुरुष ३, आणि त्यांच्या पिनकोडात उरला एकच. गव्हर्नरांचा आजारपणाचा कागद हाती आला. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला, की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेवरून तोच हिशेब केला तेव्हा ६३ टक्के आले. आकडा उतरला, पण निम्म्याच्या वरच राहिला.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये एका स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले १० कोटी गुण जाहीर केले, अर्थात नावांशिवाय. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं, की एखाद्याने कुठल्या ८ चित्रपटांना किती गुण दिले हे माहीत असेल, त्यांतले २ चुकीचे असले आणि तारखा १४ दिवस इकडेतिकडे असल्या, तरी त्या साठ्यातल्या ९९ टक्के नोंदी एकमेव ठरतात. आवडीचा चित्रपट निरुपद्रवी वाटतो. ८ चित्रपटांचा संच हा अंगठ्याचा ठसा असतो. फिरण्याचंही तसंच. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा अमुक वेळी अमुक टॉवरजवळ अशा फक्त ४ नोंदी ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरल्या. घर आणि कामाची जागा यांतच त्यांतल्या दोन जातात.

ब्राउझरचा प्रकार अधिक चमत्कारिक आहे, कारण तिथे आपण काहीच लिहीत नाही. पान उघडताना ब्राउझर स्वतःच सांगत सुटतो: पडद्याची रुंदी-उंची, वेळेचा पट्टा, भाषा, ब्राउझरची आवृत्ती. संगणकात कुठले फॉन्ट आहेत हेही पानाला ताडता येतं. त्यावर कॅनव्हासची युक्ती आहे. पान तुम्हाला न दिसणाऱ्या चौकटीत एखादी ओळ आणि काही आकार काढायला लावतं. ग्राफिक्स चिप, तिचा ड्रायव्हर आणि फॉन्ट गुळगुळीत करण्याची पद्धत यांच्यामुळे वेगवेगळ्या जुळणीच्या यंत्रांवर कडांच्या पिक्सेलांत बारीक फरक पडतो. त्या पिक्सेलांचा एक आकडा करून ठेवला, की कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूणचिठ्ठी, पुसली तरी आकडा तोच येतो. इन्कॉग्निटो खिडकीतही बहुधा तोच, कारण यंत्र तेच असतं. ती खिडकी तुमच्याच संगणकावरचा इतिहास पुसते, समोरच्या सर्व्हरवरचा नाही.

इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. ८३.६ टक्के एकमेव निघाले. त्या नमुन्यात ब्राउझरचा ठसा किमान १८.१ बिटांचा भरला, म्हणजे सुमारे २ लाख ८६ हजारांत एक. ३३ मधून १८ गेले. उरलेले १५ आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कळणाऱ्या गावातून आणि एखाद्या लॉगिनातून सहज भरून निघतात. मात्र हा नमुना स्वतःहून तपासायला आलेल्या, म्हणजे मुळातच चौकस लोकांचा होता. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका सर्वसाधारण संकेतस्थळावरचे २० लाख ठसे तपासले, तेव्हा ३३.६ टक्केच एकमेव होते, आणि मोबाइलवर तर १८.५ टक्के. एकाच मॉडेलचे लाखो फोन जवळपास सारखेच दिसतात. हौसेने सजवलेला संगणक उठून दिसतो.

इथेच सावध माणूस फसतो. तो ब्राउझरला ५-६ एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, घालतो, अमुक बंद करतो, तमुक बदलतो, आणि अशी जुळणी जगात दुसऱ्या कुणाचीच नसल्याने आणखी ओळखू येतो. 'माझा माग काढू नका' अशी विनंती पाठवणारी सोय ब्राउझरांत होती. ती पाळणं कुणावर बंधनकारक नव्हतं आणि थोड्यांनीच चालू केल्याने तीच एक खूण झाली. २०१९ मध्ये ॲपलने सफारीतून ती काढली, याच कारणासाठी. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टोर ब्राउझर उलट्या वाटेने जातो. तो आपल्या प्रत्येक वापरणाऱ्याला संकेतस्थळांसमोर सारखंच दाखवतो, खिडकीचा आकारही २०० बाय १०० पिक्सेलांच्या पटीत कापतो आणि उरलेल्या जागी करडी पट्टी ठेवतो. म्हणून त्यात एक्स्टेन्शन घालू नयेत. रोजच्या वापराला एखादा साधा ब्राउझर, जाहिराती अडवणारं एकच नावाजलेलं एक्स्टेन्शन आणि मूळ सेटिंग्ज एवढं पुष्कळ झालं.

टोपणनावाने ऑनलाइन समूहांत वावरणाऱ्यांना हा बिटांचा हिशेब अधिक लागू पडतो. कारण ते वर्षानुवर्षं थेंबथेंब सांडत असतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भाषेबद्दल विचारलं तेव्हा शिक्षण सांगितलं, पावसाच्या गप्पांत शहर सांगितलं, पाळीव प्राण्याचा फोटो टाकला त्यात खिडकीबाहेरची इमारत आली. प्रत्येक वाक्य ३-४ बिटांचं. टोपणनाव सगळीकडे एकच असेल तर सगळे थेंब एकाच भांड्यात पडतात. लिहिण्याच्या वेळाही बोलतात: महिनाभराच्या नोंदी तासांनुसार मांडल्या, की रोज ठरावीक ७ तास शांतता दिसते, आणि त्यावरून वेळेचा पट्टा कळतो. आणि शैली? २०१२ मध्ये १ लाख ब्लॉगलेखकांवर झालेल्या प्रयोगात निनावी मजकुराचा लेखक संगणकाने २० टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखला. नेमक्या कुणालाही उघडं पाडायला हे पुरेसं नाही. पण लाखातून पाचात एकदा बरोबर म्हणजे अंधारातला दगडही नाही.

तेव्हा वेगळं खातं खरोखर वेगळं ठेवायचं असेल तर टोपणनाव नवं, ईमेल नवा, प्रोफाइलचा फोटोही नवा लागतो, कारण जुना फोटो चित्रशोधात टाकला की जुनं खातं समोर येतं. कॅमेऱ्याच्या फोटोत एक्झिफ नावाच्या नोंदी असतात: वेळ, फोनचं मॉडेल, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. बरीच मोठी व्यासपीठं त्या नोंदी इतरांना दाखवत नाहीत, पण स्वतः आधी वाचू शकतात. आणि मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर त्या तशाच पोचतात. फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवला की जुन्या नोंदी जातात. मात्र वरच्या पट्टीतली सूचना आधी कापा. कापणंही कधी दगा देतं: २०२३ मध्ये उघड झालं, की गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटची जुनी फाइल पूर्ण पुसलीच जात नव्हती आणि कापलेला भाग परत काढता येत होता. पीडीएफमधल्या मजकुरावर काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरं बहुधा जिवंतच असतात. निवडून कॉपी करून बघा.

लिंकचंही तेच. ॲपमधून 'शेअर' केलेल्या लिंकला शेवटी लांबलचक शेपूट असतं, आणि ती लिंक कुणी पाठवली हे त्यातून कळू शकतं. शेपटाचे तुकडे मागून एकेक काढत जा. लिंक तशीच उघडत राहिली तर काढलेला भाग पान उघडण्यासाठी नव्हताच.

आता संशयाबद्दल. सगळ्यात लोकप्रिय संशय मायक्रोफोनचा: बोललो आणि जाहिरात आली. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप पडद्याचं चित्रण करून बाहेर पाठवताना मात्र सापडली. ऐकण्याची गरजही कमी आहे. ज्याच्याशी बोललात त्याने तोच विषय शोधला, दोघांचे फोन एकाच वाय-फायवर होते, आणि जाहिरातींच्या यंत्रणेत दोघांची जोडणी झाली.

संशय चुकीच्या दाराशी उभा असला तरी तो बिनबुडाचा नाही. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून अधिक लोकांचे फोन नंबर आणि ईमेल खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतले आणि जाहिरातींसाठीही वापरले. त्याबद्दल २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर दंड भरला. फेसबुकला २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड झाला, त्यातल्या आरोपांतही हा प्रकार होता. सुरक्षेच्या नावाने घेतलेली वस्तू विकायला काढली, की लोक सुरक्षा वापरायचंच टाळतात. खरा तोटा तिथे आहे. दोन टप्प्यांचं लॉगिन सोडू नका. नंबराऐवजी कोड देणारं ॲप जोडा. ते दर ३० सेकंदांनी नवा कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला नंबर लागत नाही. जोडताना मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर फोन हरवला की खातंही गेलं. आणि संपर्कयादीची परवानगी नाकारा. तिच्यात तुमच्या बिटांपेक्षा इतरांचेच जास्त असतात.

संदेश कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असले, म्हणजे वाटेत कुणाला वाचता आले नाहीत, तरी पाकिटावरचा पत्ता उघडा असतो: कोण, कुणाला, किती वाजता, किती वेळा. म्हणून कुलूप आहे का, याइतकंच कंपनीकडे काय साठतं हेही महत्त्वाचं. २०१६ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने सिग्नल या संदेश ॲपकडे माहिती मागितली, तेव्हा देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. तिथे चांगुलपणाचा प्रश्नच आला नाही. कोठार रिकामं होतं. व्हॉट्सॲपचे संदेश कुलूपबंद असतात, पण क्लाउडमधल्या बॅकअपला तसंच कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि ती चॅट बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपण चालू करायची असते. समोरच्याने केली नसेल तर तुमचे संदेश त्याच्या बॅकअपमध्ये कुलपाविना आहेतच.

कोठार भरायचंच, पण विश्वास न मागता, हे जमतं का? जमतं, आणि त्याची युक्ती १९६५ ची आहे. स्टॅनली वॉर्नर यांनी नाजूक प्रश्नांच्या सर्वेक्षणासाठी ती मांडली. तिचं सोपं रूप असं: प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवून, छाप्याला 'हो' आणि काट्याला 'नाही' सांगायचं. तुमच्या 'हो'वरून तुमच्याबद्दल कुणालाही ठामपणे काही म्हणता येत नाही. पण १,००० लोकांत ३५० 'हो' आले, तर त्यांतले सुमारे २५० नुसत्या नाण्याचे, उरलेले १०० खरे बोललेल्या ५०० जणांतले. म्हणजे खरं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास. समूह कळला, माणूस झाकला राहिला. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला 'डिफरन्शियल प्रायव्हसी' म्हणून गणिती रूप दिलं. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे असाच गोंगाट, म्हणजे नाणेफेकीसारखी मुद्दाम घातलेली चूक, मिसळून जाहीर झाले.

कंपनीने हे शब्द वापरले की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, नाणं कोण उडवतं? फोनमध्येच उडालं तर कच्ची माहिती बाहेर जातच नाही. सर्व्हरवर उडालं तर आधी खरं उत्तर तिथे पोचलेलं असतं. दुसरी, तोच प्रश्न किती वेळा विचारतात? नवनव्या नाण्यांनी एकाच माणसाला तोच प्रश्न ३० दिवस विचारला, तर खरं 'हो' असलेल्याचे 'हो' २२-२३ भरतील आणि 'नाही' असलेल्याचे ७-८. म्हणून एका माणसाबद्दल एकूण किती कळू द्यायचं याचं एक अंदाजपत्रक असतं आणि दर प्रश्नाला त्यातून खर्च पडतो. २०१७ मध्ये संशोधकांनी मॅकच्या प्रणालीतली ॲपलची पद्धत उलगडली, तेव्हा ते अंदाजपत्रक दर दिवशी पुन्हा नव्याने भरलं जात होतं, म्हणजे ३० दिवसांच्या प्रश्नांना ते अडवतच नव्हतं.